मार्फत

बसा.

दरेकसा स्थानकापासून थोडं आत, एका घराची खोली आहे असं समजा. खिडकी उघडी आहे. बाहेर डोंगर, डोंगरावर साग, मोह, तेंदू. धान कापून झालं आहे आणि हवेत तणसाचा वास आहे.

माघ पौर्णिमेला कचारगडकडे निघालेल्या माणसांनी ही वाट भरून जाते. आज यात्रा नाही. वाट मोकळी आहे.

पाय जमिनीला टेकू द्या. खांदे सैल सोडा. एक श्वास आत घ्या. सोडा.

समोर टेबल आहे. टेबलावर एक लॅपटॉप, एक छोटा बोर्ड आणि एक केबल.

मोबाईल खिडकीच्या चौकटीत ठेवला आहे, कारण या खोलीत रेंज तिथंच लागते. मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळालं आहे. बोर्डाला अजून काहीच मिळालेलं नाही.

आज एवढंच करायचं आहे. लॅपटॉपकडचं नेट केबलमधून बोर्डापर्यंत जाऊ द्यायचं. आणि ते कसं जातं, हे बघत राहायचं.

घाई नाही.

*

बोर्ड तळहातावर घ्या.

याचं नाव बीगलबोन ब्लॅक. २०१३ साली तो बाजारात आला. लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास, रुंदी पाचाच्या थोडी वर. एवढ्याशा पाटीवर अख्खा संगणक आहे. मेमरी ५१२ मेगाबाइट. पडदा नाही, कीबोर्ड नाही.

बोट कडेवरून फिरवा. कोपरे गोल आहेत. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या, पट्ट्यांना बारीक भोकांच्या रांगा. मधोमध एक काळा चौकोन. सगळा हिशेब त्या चौकोनात होतो.

वजन जाणवतं का? जेमतेम.

थोडा वेळ तसाच हातात असू द्या.

आता केबलचं छोटं टोक बोर्डात घाला. मोठं टोक लॅपटॉपमध्ये.

थांबा. बघा.

निळा दिवा लागतो. मग कडेला आणखी चार बारीक निळे दिवे जागे होतात. त्यांतल्या एकावर नजर ठेवा. तो दोनदा पटकन लुकलुकतो आणि थांबतो. पुन्हा दोनदा. पुन्हा थांबतो.

बोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये या लुकलुकीचं नाव हार्टबीट असंच आहे. बोर्डावर कामाचा भार वाढला की ठोके जलद होतात. आत्ता काम नाही. ठोके संथ आहेत.

त्या संथपणाबरोबर तुमचा श्वास असू द्या. जुळवू नका. नुसता शेजारी असू द्या.

*

आता केबलकडे बघा.

वरून एक काळी दोरी दिसते. आत चार तारा आहेत. लाल, काळी, हिरवी, पांढरी.

लाल तारेतून पाच व्होल्ट येतात. काळी तार त्यांची परतीची वाट. बोर्ड जागा आहे तो या दोघींच्या जोरावर.

हिरवी आणि पांढरी एकमेकींना पीळ देऊन गेल्या आहेत. बोलणं यांच्यामधून चालतं. एकीवर जे असतं, त्याच्या उलट दुसरीवर असतं. बाहेरची खरखर आली तर ती दोघींवर सारखीच पडते. पलीकडचं टोक फक्त दोघींमधला फरक ऐकतं. सारखं जे पडलं, ते आपोआप वजा होतं.

इथं थोडं थांबा.

खोलीतले आवाज कानावर येऊ द्या. कुठं कोंबडी, कुठं हातपंप, कुठं कुणाची हाक. ते हटवायचे नाहीत. ते पडू द्या. त्यांच्या आत जे ऐकू येतं, तेवढं ऐका.

आणखी एक गोष्ट या केबलमध्ये चालू आहे.

यूएसबीच्या या तारांवर बोर्ड आपणहून बोलत नाही. आधी लॅपटॉप विचारतो, काही आहे का? बोर्ड म्हणतो, सध्या नाही. लॅपटॉप पुन्हा विचारतो. सध्या नाही. पुन्हा. सेकंदाला हजारो वेळा हे विचारणं चालतं. विचारणारा कंटाळत नाही.

आणि ज्या क्षणी बोर्डाकडे सांगण्यासारखं काही असतं, त्या क्षणी विचारणारा समोर हजर असतो.

तुमच्या आतही कुणी बोलायचं थांबलेलं असेल. त्याला विचारा. काही आहे का?

उत्तर नाही आलं तरी चालेल. पुन्हा विचारा.

*

आता दोघांना पत्ते आहेत.

लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.७.१. बोर्डाचा १९२.१६८.७.२. शेवटचा आकडा तेवढा वेगळा. केबलच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन.

हे पत्ते घरातले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवावेत असं १९९४ मध्ये ठरलं. म्हणून हाच ७.२ पुण्यातल्या एखाद्या बोर्डाला आहे, ब्राझीलमधल्या एखाद्या बोर्डाला आहे. कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. उंबरठ्याबाहेर या पत्त्याला कुणी ओळखत नाही.

बोर्डाला एक वाट सांगा. जे घरातलं नाही, ते सगळं ७.१ कडे दे.

त्यानं ऐकलं.

आता त्याला एक हाक मारू द्या. दूरच्या एका पत्त्याला, ८.८.८.८ ला. फक्त एवढंच, तिकडं कुणी आहे का?

हाक निघते. हिरव्या-पांढऱ्या तारेतून लॅपटॉपपर्यंत येते.

आणि काही होत नाही.

पडद्यावर कर्सर लुकलुकतो. ओळ पुढं सरकत नाही.

या काही न होण्यात बसा.

बाहेर मालगाडी येते आहे. आधी जमिनीतून कळतं, मग खिडकीच्या तावदानातून. नागपूर ते राजनांदगाव ही वाट आधी मीटरगेज होती. पुढं बंगाल नागपूर रेल्वेनं ती रुंद केली आणि ती हावड्याच्या वाटेत सामावली. गाडी बोगद्यात शिरते. आवाज बुजतो. बहुतेक गाड्या इथं थांबत नाहीत. पुढं बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड.

तावदान शांत होतं.

पडदा तसाच आहे.

*

आता लॅपटॉपच्या आत बघा.

लिनक्सच्या पोटात एक छोटीशी जागा आहे. तिथं एकच आकडा लिहिलेला असतो. सहसा तो शून्य असतो.

शून्य म्हणजे, माझ्यासाठी आलेलं मी घेईन, दुसऱ्यासाठी आलेलं खाली ठेवीन.

यात दुष्टपणा नाही. संगणक मुळात असाच असतो. बोर्डाची हाक त्याच्यापर्यंत आली. त्यानं वरचं नाव वाचलं. ते त्याचं नव्हतं. त्यानं ती खाली ठेवली.

या शून्याकडे बघा.

आज दिवसभरात तुमच्यापर्यंत काय काय आलं, जे तुमच्यासाठी नव्हतं? कुणाचा निरोप. कुणाची विचारणा. अमक्याला सांगशील का, एवढंच. त्यातलं काय खाली राहिलं?

स्वतःला बोल लावू नका. नुसतं बघा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता शून्याच्या जागी एक लिहा.

एक कळ दाबली गेली. पंखा वाढला नाही, दिवा लागला नाही. पण लॅपटॉप आता वाट झाला आहे. दुसऱ्याचं आलेलं तो पुढं देईल.

हाक पुन्हा मारू द्या.

बोर्डातून लॅपटॉपकडे. लॅपटॉपमधून मोबाईलकडे.

आणि पुन्हा काही होत नाही.

*

इथं आणखी थोडं थांबा. आता अडलं आहे ते बारीक आहे.

हाकेवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, १९२.१६८.७.२. मोबाईल तो वाचतो. त्याच्या ओळखीत असं कुणी नाही. उत्तर आणून द्यायचं तरी कुणाकडे?

पूर्वी गावात ज्याच्या घराला नीट पत्ता नसे, त्याची पत्रं शाळेच्या नाहीतर दुकानदाराच्या मार्फत येत. पाकिटावर पत्ता दुकानाचा. दुकानदाराला माहीत असे, हे कुणाचं. संध्याकाळी तो माणूस मीठ-तेल न्यायला आला की पाकीट हातात पडे.

लॅपटॉपला आता हेच काम द्या. एका ओळीची आज्ञा आहे. तिचं नाव मास्करेड.

आता बघा, सावकाश.

बोर्डाची हाक येते. लॅपटॉप तिच्यावरचा ७.२ पुसतो आणि स्वतःचा पत्ता लिहितो. तो पत्ता मोबाईलच्या ओळखीचा आहे. हाक पुढं सोडायच्या आधी लॅपटॉप स्वतःजवळ एक नोंद करतो. ही हाक माझी नाही, ही ७.२ ची.

मग सोडतो.

हाक मोबाईलमध्ये जाते. मोबाईलमधून हवेत. डोंगराला वळसा घालून कुठल्याशा टॉवरवर. तिथून काचेच्या तंतूंमधून, जमिनीखालून, पुढं.

प्रत्येक मुक्कामाला तिच्यावरचा एक आकडा एकानं कमी होतो. बोर्डातून निघाली तेव्हा तो ६४ होता. लॅपटॉपमधून बाहेर पडली तेव्हा ६३. प्रत्येक हात एक काढून घेतो. शून्य झाला की हाक तिथंच संपते. वाट चुकलेली हाक जगभर फिरत राहू नये म्हणून ही मोजदाद.

श्वास आत घ्या.

सोडा.

पडद्यावर एक ओळ उमटते.

उत्तर आलं.

*

लगेच पुढं जाऊ नका.

उत्तर आलं ते लॅपटॉपच्या नावावर आलं. लॅपटॉपनं नोंद उघडली. हे माझं नाही, हे ७.२ चं. पाकिटावरचं नाव पुन्हा बदललं. केबलमधून आत दिलं.

उत्तरात काय होतं, याची त्यानं चौकशी केली नाही.

दुसरी ओळ. तिसरी ओळ. ओळी एका लयीत येऊ लागतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी मिलिसेकंद लिहिलेले. कधी कमी, कधी जास्त. रेंज हलते तसे आकडे हलतात.

त्या ओळी वाचू नका. त्यांचं येणं बघा.

ओळ. मध्ये जागा. ओळ. मध्ये जागा.

जागेतही कुणीतरी थांबलेलं आहे.

*

आता बोर्डाला आकड्याऐवजी नावानं हाक मारू द्या. त्यासाठी त्याला आधी सांगावं लागतं, नावाचा आकडा कुणाला विचारायचा. तेवढं सांगा.

आणि मग त्याला वेळ विचारू द्या.

या बोर्डावर घड्याळाला घडी-दोन घडी सांभाळणारी बॅटरी नाही. वीज गेली की वेळ जाते. जागा झाला तेव्हापासून तो कुठल्यातरी जुन्या तारखेत आहे. त्याच्या लेखी ती तारीख खरी आहे. या तारखेनं तो एखाद्या सुरक्षित संकेतस्थळाकडे गेला, तर तिथलं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटेल, कारण त्याच्या हिशेबानं ते अजून जन्मलेलंच नाही.

विचारणा निघते. लॅपटॉपच्या मार्फत. मोबाईलच्या मार्फत.

वेळ परत येते.

तारीख बदलते. बोर्ड आजच्या दिवसात आला. दरेकसाच्या या खोलीत, या संध्याकाळी.

तुम्हीही या. दिवसभरात मागं कुठं राहिला असाल, तिथून या. पायाखालची जमीन. हातावरची हवा. आत्ताची वेळ.

*

लॅपटॉपजवळच्या नोंदीचं काय होतं, तेही बघा.

एखाद्या साध्या विचारणेला उत्तर आलंच नाही, तर तो ती नोंद साधारण ३० सेकंद जपतो. मग सोडून देतो. चालू असलेल्या बोलण्याची नोंद जास्त काळ राहते. बोलणं संपलं की तीही जाते.

कुणाचं आहे हे लक्षात ठेवायचं, पण काम असेल तेवढंच.

३० सेकंद डोळे मिटा. मोजू नका. आज ज्याचं काही तुमच्या हातून पुढं गेलं, असा एक माणूस आठवा. आईचं औषध, शेजाऱ्याचा फॉर्म, कुणाचा नुसता नमस्कार. त्या माणसाचा चेहरा समोर असू द्या.

आता सोडा.

डोळे उघडा.

*

उठायच्या आधी एक गोष्ट.

लॅपटॉप बंद केला की तो एक पुसला जातो. तिथं पुन्हा शून्य येतं. मार्फतीची आज्ञा जाते. बोर्डाला सांगितलेली वाटही जाते.

कायमची सोय करता येते. एका फाइलमध्ये लिहून ठेवलं की लॅपटॉप चालू होताना स्वतःच एक लिहून घेतो. रोजच्या कामाला तेच बरं, आणि कधीतरी तुम्ही ते कराल.

आज करू नका.

उद्या याच वेळी बसा. तेव्हा सगळं शून्यावर असेल. केबल लावा, दिव्याचे ठोके बघा, बोर्डाला वाट सांगा. मग त्या शून्यापाशी या, आणि दुसऱ्याचं पुढं द्यायचं आहे का, हे स्वतःला नव्यानं विचारून एक लिहा.