रथ उभा, घोडे उधळलेले

दिल्लीच्या करोल बागेत नाईवाला आणि आर्य समाज रोडच्या बाजूला गाड्यांच्या ॲक्सेसरीजची दुकानं आहेत. रस्त्याकडेलाच डॅशबोर्ड उघडला जातो, जुना स्टिरिओ निघतो आणि त्या जागी टचस्क्रीन बसतो. गाडी तसूभर हललेली नसते. मालक मात्र आत बसून गाणं लावतो, एसी 22वर आणतो, नकाशा बोटांनी मोठा करतो. स्वारी निघालीसुद्धा!

कठोपनिषदात आत्मा हा रथाचा धनी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. कीर्तनातून हे रूपक इतकं ऐकलेलं असतं की त्यातली एक बारीक गोष्ट निसटते. हे घोडे धावतात त्या वाटा म्हणजे विषय. म्हणजे विषय रथाच्या बाहेर, समोर पसरलेले. करोल बागेत ते रथाच्या आतच बसवून मिळतात, वर वॉरंटीही.

यात पाप काय? थंडी-ऊन येतं-जातं, ते सोस, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितलं आहे. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी एकेका इंद्रियाचा विषय घेतला: कानाला स्तुती-निंदा, त्वचेला मऊ-कठीण. पण दिल्लीत पारा पंचेचाळिशीला टेकला की घामाने चिडलेला चालक कसली तितिक्षा करणार? सोनं-चांदी गाळणारे सांगलीकडचे गलाईवाले करोल बागेत आहेत. त्यांच्यापैकी कुणी विट्याला निघाला, तर कऱ्हाडपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 48 धरून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर काटायचं. तिथे गार हवा सारथ्याच्याच बाजूची.

मात्र नोव्हेंबरच्या धुरक्यात जो तो आतलीच हवा फिरवणारं बटण दाबतो. काचा बंद, माणसं चार. तासाभरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि डोळे जड होतात. सुखाने सारथीच पेंगतो.

नकाशाचा प्रश्न याहून अवघड. 'नकाशाला रस्ता कळतो, मुक्काम कळत नाही' या वाक्याला टाळी मिळेल, पण त्याने काही सुटत नाही. गाडीची जागा किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते. पुढची कोंडी कळते ती तिथे रखडलेल्या लोकांच्या फोनवरून. पडद्यावरची लाल रेघ म्हणजे पुढे गेलेल्यांची साक्ष. न्यायदर्शन याला शब्दप्रमाण म्हणेल, आणि लगेच विचारेल: सांगणारा आप्त आहे का? आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि खरं सांगायची इच्छाही आहे. नकाशाला इच्छा कुठली! म्हणून त्याचं ऐकावं, पण डोळ्यांनी तपासून. अजमल खान रोडचा पूसा रोड ते आर्य समाज रोड हा तुकडा 2019 मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला गेला. असा रस्ता समोर आला, तर पडद्यावरच्या बाणापेक्षा रस्त्यावरची पाटी मोठी. तिथे प्रत्यक्षच प्रमाण.

कायद्यानेही लगाम माणसाच्याच हाती ठेवला आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. तेव्हा पत्ता, गाणं आणि एसीचा आकडा, जे काय लावायचं ते गाडी दुकानासमोर उभी आहे तोवर लावून घ्यावं.