आधी माणूस दिसू दे

विठ्ठला, आज तुझ्याकडं पाऊस मागत नाही. पीक मागत नाही, लेकराबाळांचं सुखही मागत नाही. ते तू न मागता पुष्कळ दिलंस. आज मागणं वेगळं आहे. समोर माणूस आला की मला आधी त्याचा पक्ष दिसतो. ही नजर बदल, माउली.

माझ्या घरात तू होतास आणि लाल बावटा होता. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव, तुझ्या पंढरीहून फार लांब नाही. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि सदऱ्यावर शेतकरी कामगार पक्षाचा बिल्ला. पहाटे काकडा म्हणणारा आवाज दुपारी मोर्चात घोषणा द्यायचा. देव्हाऱ्यात तू आणि भिंतीवर पक्षाचे आमदार भाई गणपतराव देशमुख. देव कोणता मानायचा हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि मत कुणाला द्यायचं हेही कुणी विचारलं नाही. दोन्ही गोष्टी अंगाई ऐकायच्या वयातच माझ्यात उतरल्या. त्यातलं तुझं कोणतं आणि पक्षाचं कोणतं, हे मला पुढं कितीतरी वर्षं वेगळं करता आलं नाही.

त्या घरासाठी मी तुझे आभार मानते. आधी आभारच मानते.

गरिबाच्या बाजूनं उभं राहायचं असतं, हे मला त्या घरानं शिकवलं. भाईंसारखा अकरा वेळा आमदार होऊन एसटीनं फिरणारा माणूस आम्ही डोळ्यांनी पाहिला. निवडून येणं म्हणजे श्रीमंत होणं नव्हे, हे आम्हाला पुस्तकातून कळावं लागलं नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी आणि भाईंनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या तेव्हा आमच्या गावातून माणसं भाकरी बांधून गेली. कृष्णेचं पाणी माणदेशाला मिळालं पाहिजे, तो आमचा हक्क आहे, असं ताठ मानेनं म्हणणारी ती माणसं. त्यांच्यात माझे वडील होते. देवा, त्यांच्या घरी तू मला जन्माला घातलंस. याहून जास्त काय मागू?

पण त्याच हातांनी मला दुसरंही काही मिळालं. ते तुला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

आमच्या गावात दोन गट. एक आपला, एक त्यांचा. दूध संस्था दोन, सोसायटीत पॅनेल दोन, गणपती दोन. सोयरीक जुळवायची तर आधी पाहुणे कुणाच्या गटातले ते विचारायचं, मग मुलगा काय करतो ते. माझे सख्खे चुलते काँग्रेसच्या गटात गेले आणि एका भिंतीची दोन घरं एकमेकांना परकी झाली. जावळाला बोलावणं नाही, लग्नाला अक्षता नाहीत. आजी गेली तेव्हा दोन्ही भाऊ एकाच तिरडीला खांदा देऊन परत आले आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या दारात शिरले. मी लहान होते. त्यांची विहीर आटली असं ऐकलं की आमच्या ओसरीवर कुणी हळहळत नसे. मीही हळहळले नाही. पाण्यासाठी मोर्चे काढणारी आमची माणसं, विठ्ठला! पाणी सगळ्यांचं असं म्हणणारी. आणि भिंतीपलीकडची आटलेली विहीर आम्हाला आपली वाटली नाही.

ते मनातून काढ. वडिलांची माया राहू दे, तेवढं काढ.

तुझं कसं होतं रे? मंगळवेढा इथून जवळच. दामाजीपंत बादशहाचे चाकर होते. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारं उघडली. पुढची गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही येते. त्या धान्याचे पैसे भरायला तू विठू महार होऊन बिदरला गेलास. दामाजी कुणाचा माणूस आहे, कुणाचं मीठ खातो, हे तू पाहिलं नाहीस. भुकेल्यांना धान्य मिळालं एवढं तुला पुरलं. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्याचं रूप तू घेतलंस आणि दरबारात उभा राहिलास. ही गोष्ट मी कीर्तनात ऐकली, डोळे पुसले, घरी आले, आणि चांगलं काम कुणी केलं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, तो कुणाचा?

किती लहान मन आहे हे माझं. तुझ्या पायाशी आणून ठेवते.

बहात्तरच्या दुष्काळात आजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी खाऊन दिवस काढले, मिलोची लाल भाकरी खाल्ली. पुढं आई रोजगार हमीच्या कामावर गेली, बांध घातले, माती वाहिली. त्या मजुरीवर आमची चूल पेटली, माझी वही आली. आणि मागेल त्याला काम द्यायची ही कल्पना मांडली ती वि. स. पागे यांनी. काँग्रेसचा माणूस, विधान परिषदेचा सभापती, शेजारच्याच सांगली जिल्ह्यातला. आमच्या घरात हे नाव मी कधी ऐकलं नाही. आम्हाला एवढंच सांगितलं होतं की लाल बावट्यानं मोर्चे काढले म्हणून काम मिळालं. तेही खरंच होतं. मोर्चे निघाले होते, माणसांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. पण हेही खरं होतं की सत्तेत बसलेल्या एका माणसाला उपाशी माणसाच्या काळजीनं झोप येत नव्हती. कायदा विधिमंडळानं १९७७ साली केला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. मुंबईतला कुणी कारकून, त्यानं कुणाला मत दिलं असेल कोण जाणे, त्याच्या पगारातले चार पैसे माझ्या आईच्या हातावर पडले.

त्या अनोळखी माणसाचं भलं कर. आज इतक्या वर्षांनी मी त्याच्यासाठी मागते आहे. पागे यांच्यासाठी हात जोडते. लाठ्या खाल्लेल्या माझ्या माणसांसाठीही जोडते. हे दोन नमस्कार मला एका वेळी करता येऊ देत.

देवा, पुढारी तर केव्हाच एकमेकांच्या पंगतीला बसले. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून आमचा शेतकरी कामगार पक्ष उभा केला आणि काही वर्षांत ते दोघेही काँग्रेसमध्ये परत गेले. १९७८ साली पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं तेव्हा भाई त्यात मंत्री झाले, काँग्रेसमधून फुटलेल्यांच्या मांडीला मांडी लावून. त्यात वाईट काय होतं? राज्य चालवायचं तर चार जणांना जमवून घ्यावं लागतं. आणि अलीकडं तर २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत दोन पक्ष उभे चिरले गेले, कालचे वैरी एका मंचावर बसले, कालचे सोबती समोर गेले. त्यांनी हार बदलले. आमच्या गावात मात्र ज्यानं ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यानं ते टाकलेलंच ठेवलं. मैत्री वर झाली, वैर खाली आमच्याकडं राहिलं. ते आम्ही पोरांना दिलं, आता त्यांच्या फोनमधून ते रात्रंदिवस वाहतं आहे.

हे आमच्या पिढीत थांबव. माझ्यापासून थांबव.

आणि माउली, एक भीती आहे, ती फक्त तुलाच सांगते. ही नजर बदलली तर मी वडिलांना सोडलं असं होईल का? वडील आता तुझ्याकडं आले आहेत. त्यांनी मरेपर्यंत बावटा बदलला नाही. पडत्या काळातही बदलला नाही, लोक हसले तरी नाही. त्या निष्ठेसमोर मी मान खाली घालते. मला दुसरा बावटा नको आहे. त्यांचं जे खरं होतं ते मला हवंच आहे, त्यांच्या रागाला मात्र वारस नको. त्यांना तू समजावून सांग. म्हणावं, पोरगी तुमचीच आहे. गरिबाच्या बाजूनं ती अजून उभी आहे. फक्त गरीब कुणाच्या गटातला, हे विचारायचं तिनं सोडलं आहे. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही कदाचित. तुझ्या बोलण्यावर बसेल.

एक द्वेष टाकून दुसरा उचलू नये, एवढं सांभाळ. जुनं घर सोडून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. निघताना ती आपल्याच आईबापांवर थुंकतात आणि नव्या घरात जास्त मोठ्यानं ओरडतात. मला तसं होऊ देऊ नकोस.

सगळे सारखेच, सगळे चोर, असं म्हणून मला हात झटकूनही बसू देऊ नकोस. ते सोपं आहे आणि खोटं आहे. कुणी पाणी आणलं, कुणी पाणी पळवलं, यातला फरक मला कळू दे. कळला की तो बोलता येऊ दे, आपल्या माणसासमोर आधी.

मत द्यायला जाईन तेव्हा माझा हात कुणाच्या धाकानं, कुणाच्या पैशानं, जुन्या सवयीनं हलू नये. ज्यानं काम केलं असेल, जो उद्या करील, त्याच्या नावापुढं बोट जावं. चुकले तर पुढच्या खेपेला सुधारायची बुद्धी दे.

कुणी माझ्या मताविरुद्ध बोललं की छातीत जी धडधड सुरू होते, ती थोडी शांत कर. त्याचं बोलणं संपेपर्यंत मला ऐकता येऊ दे. त्याच्याही घरात कुणी वडील होते, त्यांनीही त्याला मांडीवर घेऊन काही सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानात राहू दे. ज्याला मी हट्टी म्हणते, तो कदाचित आपल्या बापाची आठवण घट्ट धरून बसला असेल. माझ्यासारखाच.

तुझ्या वारीत हे रोज घडतं. भेटेल त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, तोही आपल्या पायावर ठेवतो. कुणी पक्ष विचारत नाही. गोपाळपूरला काला होतो तेव्हा लाह्या कुणाच्या, दही कुणाचं, हे कुणी शोधत नाही. तुझ्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी त्यांना तुझ्या देवळात येऊ दिलं नाही, आणि पुढं शतकानुशतकं त्यांच्या माणसांनाही दिलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राण पणाला लावून पंढरपुरात उपाशी बसले तेव्हा कुठं दार उघडलं. तुझ्या दाराशीही माणसांनी आपले आणि त्यांचे असं केलं होतं. तू आत उभाच होतास, कर कटेवर ठेवून, सगळ्यांची वाट बघत. अडवलं होतं ते आम्ही माणसांनी. मग माझ्या मनाचं दार एवढं घट्ट बसलं असेल तर नवल काय? पण तेही उघडेल ना रे? तू हात लाव. मी जोर लावते, तूही लाव.

वारीतले ते पंधरा-वीस दिवस मला वर्षभर दे. बाजारात दे, ग्रामसभेत दे. निकालाच्या दिवशी गुलाल उधळतो तेव्हा दे, आणि आपला माणूस पडतो त्या रात्रीही दे.

तुझ्यापुढं मी कोण? माणदेशातली एक बाई. माझ्या एका मतानं सरकार येत नाही की जात नाही. माझा राग गेला तर दिल्ली-मुंबईत कुणाला कळणारही नाही. पण भिंतीपलीकडच्या घराला कळेल. तेवढंच माझं राज्य आहे आणि तेवढंच मी तुझ्या हाती देते.

पक्ष हवेत, विठ्ठला. भांडणंही हवीत. पाण्यासाठी, पिकाच्या भावासाठी, शाळेसाठी भांडल्याशिवाय गरिबाला काही मिळत नाही, हे वडिलांनी शिकवलं ते खोटं नव्हतं. पण भांडण संपल्यावर एकमेकांच्या दारात जाता आलं पाहिजे. ज्या गावात ते जमत नाही, त्या गावात कुणीही निवडून आलं तरी गाव हरलेलंच असतं.

चुलते आता थकले आहेत. त्यांना नीट दिसत नाही असं ऐकते. माहेरी गेले की पावलं अजून आमच्याच दाराशी वळतात. येत्या एकादशीला मी माहेरी जाणार आहे. चुलते असतानाच मी त्यांच्या दारात जावं, त्यांच्या मातीला जायची वेळ येऊ नये. एवढं माझ्याकडून करून घे, पांडुरंगा.