लेन्स बसली, नजर यायची आहे

मुंबईत राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात जन्मलेलं बाळ दोन महिन्यांचं झालं तरी आईच्या तोंडाकडे बघत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘लहान आहे अजून, बघेल.’ हे ‘बघेल’ ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. बाहुलीत पांढरट झाक असेल तर तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. तो दाट आणि एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांपर्यंत व्हायला हवी, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांपर्यंत.

आजोबांचा मोतीबिंदू वर्षभर थांबतो, मग नातवाचा का नाही? आजोबांच्या मेंदूला बघणं येतं, मधला आडोसा तेवढा काढायचा असतो. बाळाच्या मेंदूला बघणं अजून शिकायचंय. कोवळ्या वयात डोळ्याकडून स्पष्ट चित्र आलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडतो. ह्यूबेल आणि वीझल यांनी हे मांजरीच्या पिलांमध्ये दाखवलं. 1981 च्या नोबेलचे ते मानकरी.

मोतीबिंदू काढून आत बसवलेली लेन्स मेंदूला बघणं शिकवत नाही, ती उजेड नीट आत सोडते. शिवाय तिचा नंबर कायम, आणि डोळा वाढता: जन्मतः साधारण 17 मिलीमीटर, मोठेपणी 23-24. म्हणून अगदी तान्ह्या बाळाला बरेच सर्जन आधी कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्माच देतात. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांचा अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या आणि आत लेन्स बसवलेल्या, दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली, पण आत लेन्स बसवलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागल्या. लेन्स बसवली तरी चष्मा राहतोच, कारण ती जवळ-दूर जुळवून घेत नाही.

खरी कसोटी पट्टीची. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे आळशी डोळ्याला काम पडतं. मूल रडतं, पट्टी ओरबाडून काढतं, शेजारी विचारतात. ऑपरेशनसाठी धावाधाव केलेलं घर इथे थकतं, आणि मेहनत इथेच वाया जाते. पट्टी लावणारी आई अर्धा उपचार करत असते, हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बसवून सांगायला हवं.

2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदूही आहे, आणि ही तपासणी अठरा वर्षांपर्यंत होते. उशिरा सापडलेल्या मुलांचं काय? मेंदू-संशोधक पवन सिन्हांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पाने दिल्लीत, आठ वर्षांच्या आणि त्यापुढच्या पाच मुलांना नुकतं दिसू लागल्यावर दोन दिवसांच्या आत तपासलं. हाताने चाचपलेला ठोकळा समोरच्या दोनांतला कुठला, हे बघून त्यांना ओळखता येईना. ठोकळे मात्र दिसत होते. पुन्हा तपासलेल्या मुलांना काही दिवसांतच ते जमू लागलं. बारीक अक्षर कदाचित कधीच लागणार नाही, पण बोरिवलीच्या शाळेत दहाव्या वर्षी सापडलेल्या मुलाचंही ऑपरेशन करायलाच हवं.