घरची गाडी आणि स्वत्वाचा प्रश्न

एखादी वस्तू ‘आपली’ आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा प्रश्न भारतीय धर्मशास्त्राने आणि न्यायदर्शनाने शतकानुशतके हाताळला आहे; तरीही घरी आलेल्या नव्या मोटारीमुळे तो ज्या रूपात आज समोर आला आहे, ते रूप जुन्या ग्रंथकारांपुढे नव्हते. विकलेला दागिना किंवा नांगर मालकाने स्वतः दुरुस्तीला नेल्याशिवाय पुढे घडवणाऱ्याच्या हाताखाली जात नसे. आजची गाडी मात्र पूर्ण किंमत घेऊन विकल्यानंतरही उत्पादकाशी जोडलेली राहते: इमारतीच्या आवारात रात्री उभी असताना ती मोबाइलच्या जाळ्यातून नवे सॉफ्टवेअर उतरवून घेते, आणि सकाळी तिची एखादी जुनी खोड गेलेली असते, एखादी नवी लागलेली असते, तर पडद्यावरचे एखादे बटण ओळखीच्या जागेवरून नाहीसे झालेले असते.

मराठी घरात गाडीची मालकी केवळ पावतीने सिद्ध होत नाही. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि पेढे वाटले जातात. त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला किंवा दसऱ्याला, शस्त्रे आणि अवजारे यांच्या पंगतीत गाडीलाही हळद-कुंकू लागते. या पूजेचा अर्थ गंभीरपणे घेण्यासारखा आहे. कोयता, करवत, तराजू किंवा शिवणयंत्र यांची पूजा करणारा माणूस त्या साधनाचा स्वभाव हाताने ओळखत असतो, ते कुठे अडते आणि कशाने सुटते हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच वर्षातून एकदा त्याच्यापुढे हात जोडण्यात कृतज्ञतेबरोबर ओळखही असते. नव्या गाडीच्या बाबतीत कृतज्ञता शिल्लक आहे, पण ओळख उरलेली नाही. कारण तिचा स्वभाव पत्र्यात वा इंजिनात कमी आणि डझनावारी छोट्या संगणकांत अधिक आहे, व ते संगणक घरातील कोणालाच उघडून पाहता येत नाहीत.

त्यांतील बिघाडाचे स्वरूपही वेगळे असते. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याचे चित्र अचानक गोठते; पडदा काळा होत नाही, उलट क्षणापूर्वीची मोकळी जागा तशीच स्वच्छ दिसत राहते, आणि तेवढ्यात मागे एखादे मूल सायकल घेऊन आले असेल तर ते त्या चित्रात नसते. भारतीय ज्ञानमीमांसेने, म्हणजे ज्ञान खरे कसे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, ज्ञान नसणे आणि विपरीत ज्ञान असणे यांत काटेकोर भेद केला आहे. काळा पडदा हा केवळ ज्ञानाचा अभाव असतो आणि चालक मान वळवून पाहतो. गोठलेले चित्र हा भ्रम असतो, आणि भ्रमात सापडलेल्या माणसाला मान वळवण्याची गरजच जाणवत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ही तक्रार नेल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू केली जाते, दोष दिसेनासा होतो, आणि ‘पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल’ असे सांगून गाडी परत दिली जाते. सांगणारा मेकॅनिक खोटे बोलत नसतो, त्याच्याही हातात तेवढेच असते. पण दुरुस्ती ना मालकाच्या हाती, ना कारागिराच्या. अशा वस्तूला ‘आपली’ म्हणायचे ते कोणत्या अर्थाने?

‘स्वत्व’ म्हणजे वस्तूचे कोणाचे तरी असणे, हा वस्तूच्या ठिकाणचा धर्म होय. आणि ‘स्वामित्व’ हा त्याच संबंधाचा माणसाच्या बाजूने घेतलेला निर्देश होय. या स्वत्वाची एक प्रचलित व्याख्या ‘यथेष्टविनियोगयोग्यता’ अशी आहे, म्हणजे जी वस्तू इच्छेप्रमाणे वापरण्यास योग्य ती आपली. नवद्वीपचे नव्यनैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या नव्या शाखेतील तर्ककार, रघुनाथ शिरोमणी यांनी पदार्थतत्त्वनिरूपण या ग्रंथात या व्याख्येची उलटतपासणी केली. वापर तर परक्याच्या वस्तूचाही करता येतो, परक्याचे अन्न खाताही येते. तेव्हा ‘योग्यता’ म्हणजे शास्त्राने निषेध न केलेला वापर असे म्हणावे लागते, परंतु शास्त्राचा निषेध परक्याचे घेऊ नये असाच असल्यामुळे, ‘परके’ म्हणजे काय हे सांगण्यासाठी स्वत्व आधीच गृहीत धरावे लागते. म्हणून वैशेषिक दर्शनाच्या द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सात पदार्थांत, म्हणजे अस्तित्वाच्या मूलभूत वर्गांत, स्वत्व कोंबता येत नाही, तो स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे, असा निष्कर्ष रघुनाथांनी काढला.

वरवर हा शब्दच्छल वाटेल, पण मोटारीच्या प्रश्नात सगळा फरक येथेच पडतो. इच्छेप्रमाणे वापर म्हणजेच मालकी, असे मानले तर उत्पादकाने वापराला जेवढी कात्री लावली तेवढी मालकीच कमी झाली, आणि जे मुळात ग्राहकाचे नव्हते ते काढून घेतले म्हणून कोणी तक्रार करू शकत नाही. स्वत्व हा वापराहून वेगळा संबंध आहे असे मानले, तर वापर आक्रसला तरी मालकी अखंड राहते, आणि तो संकोच अन्याय ठरू शकतो. रघुनाथांची बाजूच योग्य आहे. कारण मालकाच्या हातून वस्तू चालेनाशी झाली तरी ती त्याचीच राहते, एवढे मानल्याशिवाय ‘नुकसान’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.

उत्पादकाचे म्हणणे मात्र ऐकून घेतले पाहिजे. 2015 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे ट्रॅक्टरच्या एका मोठ्या उत्पादकाने असा युक्तिवाद केला की यंत्रातील सॉफ्टवेअरचा ग्राहकाला केवळ वाहनाच्या आयुष्यापुरता वापर-परवाना मिळतो, मालकी नव्हे. त्याच वर्षी तेथे दुरुस्तीसाठी ते सॉफ्टवेअर उघडण्याची सवलत मालकांना दिली गेली, पण मूळ तात्त्विक वाद तेवढ्याने मिटला नाही. सॉफ्टवेअर रचणाऱ्याचे त्यावर स्वत्व आहे, हे नाकारणे कठीण आहे. मग लोखंड कुटुंबाचे आणि सॉफ्टवेअर कंपनीचे, अशी वाटणी करावी काय?

येथे दायविभागाच्या, म्हणजे वारसाहक्काच्या, दोन जुन्या मतांचा उपयोग होतो. जीमूतवाहनाच्या दायभाग ग्रंथानुसार अनेक वारसांचे स्वत्व मालमत्तेच्या वेगवेगळ्या अंशांवर असते, फक्त कोणाचा अंश कोणता हे वाटणीपर्यंत उघड झालेले नसते. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेल्या मिताक्षरा या ग्रंथाची परंपरा, जी महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली, अशी की प्रत्येक सहभागीचे स्वत्व संपूर्ण मालमत्तेवर असते. गाडीला दायभागाची रीत लागू पडत नाही. उदाहरणार्थ, ब्रेक दाबल्यावर चाक घसरू लागताच चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग कळवतो, संगणक तो वाचतो आणि ब्रेकच्या तेलाचा दाब झडपांनी एका सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक करतो. या क्रियेत लोखंड कुठे संपले आणि सॉफ्टवेअर कुठे सुरू झाले हे कापून दाखवता येत नाही. म्हणून कुटुंब आणि उत्पादक यांना मिताक्षरेच्या अर्थाने संपूर्ण गाडीचे सहभागी मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

आणि सहभागी म्हटले की मर्यादा आल्याच. सामाईक स्थावराचा व्यवहार एकट्याने करण्याची मोकळीक मिताक्षरेत आपत्काल, कुटुंबाचे पोषण आणि आवश्यक धर्मकार्य एवढ्यांपुरतीच आहे. हीच कसोटी अपडेटला लावता येते. 2015 च्या जुलैमध्ये अमेरिकेत दूरवरून गाडीचा ताबा घेता येतो हे उघड झाल्यावर सुमारे 14 लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली गेली. अशी फट बुजवणे हा आपत्काल आहे आणि तेथे उत्पादकाने वाट पाहू नये. उलट, खरेदीच्या वेळी दाखवलेली सोय काढून घेणे, किंवा गाडीत आधीच बसवलेल्या उपकरणासाठी दरमहा पैसे मागणे, हे यांतल्या कोणत्याच कारणात बसत नाही, आणि त्याला सहभागीची संमती हवी. वाहनांच्या सॉफ्टवेअर-अपडेटविषयी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 2020 मध्ये स्वीकारलेला नियम, अपडेटपूर्वी वापरणाऱ्याला माहिती द्यावी असे सांगतो. हे पाऊल चांगले आहे, पण कळवणे म्हणजे विचारणे नव्हे.

म्हणून गाडी घेताना कुटुंबाने रंग आणि मायलेज यांबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात व उत्तर लेखी मागावे: सॉफ्टवेअरची दुरुस्ती किती वर्षे मिळणार, कोणता बदल संमतीशिवाय होणार नाही, आणि बाहेरच्या मेकॅनिकला दोष वाचू दिला जाणार का. हे विचारणे आवश्यक आहे, कारण मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले तो मालक, आणि बँकेचे तारण असेल तर करारानुसार वाहन ज्याच्या ताब्यात तो मालक. गोठलेल्या चित्रावर विसंबून गाडी मागे घेतली गेली आणि कोणाला इजा झाली, तर नुकसानभरपाईची पहिली नोटीस त्याच नावावर येते.