तंबोऱ्याचं निष्क्रिय खातं

आमच्या घरात एक तंबोरा आहे. म्हणजे वर्षभर दिसते ती गवसणीच. तंबोऱ्याचं दर्शन खंडेनवमीला. आई गेल्यापासून त्याची देखभाल माझ्याकडे आली. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. मी बी. कॉम.

देखभाल मात्र चोख! ओलं फडकं लावायचं नाही, हे मी एकदा लावून शिकलो. लाखेच्या पॉलिशवर पांढुरका डाग उमटला. आता फक्त जुनं मऊ धोतर. खुंट्यांच्या सांदीत दाढीचा ब्रश. तारा थोड्या सैल सोडायच्या, म्हणजे तबलीवर ताण राहत नाही. पावसाळ्यात अधूनमधून वारा द्यायचा, कारण तारा गंजतात आणि भोपळ्याला कीड लागते. (एवढा डौलदार असला, तरी तो शेवटी वेलीवरचा भोपळाच!) "माणसांना इतकं जपलं असतंत तर..." अशी सौ.ची सूचना आहे. ती विचाराधीन आहे.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची मुलगी आली. गाणं शिकते, मोबाईलवरचा तंबोरा लावून रियाज करते. "काका, आजींचा तंबोरा मला वापरायला द्याल?"

"अगं, आईची आठवण आहे ती," मी म्हणालो. हे वाक्य फार सोयीचं. त्यावर समोरच्याला बोलताच येत नाही. ती "बरं काका" म्हणून गेली.

रात्री झोप येईना. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. काउंटरवर मीच सांगतो, "आजोबा, नुसतं ठेवून चालत नाही, व्यवहार करा!" आणि घरात चौदा वर्षं एक तार छेडलेली नाही. मग मी या वस्तूचा मालक, की नुसता रखवालदार? बरं, आठवण म्हणावी, तर आईने तो कधी एवढा पुसलाच नव्हता. तिचा हात टेकून टेकून भोपळ्यावर एक जागा काळवंडली होती. ती गेल्यावर पहिल्याच दिवाळीत मी तंबोऱ्याला पॉलिश करून घेतलं आणि तो डाग घालवला. पॉलिशवाल्याला वर दहा रुपये बक्षीसही दिले.

अखेर जवारी लावून घ्यायला मिरजेला गेलो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या मालकांसाठी तशी सोय अजून नाही. म्हाताऱ्या कारागिराने गवसणी सोडली, घोडीवरून बोट फिरवलं, तारेखालचा सुताचा दोरा सरकवून पाहिला आणि विचारलं,

"पट्टी कोणती?"

मला घरपट्टी आणि पाणीपट्टी तेवढी ठाऊक.

"तसं नाही साहेब. गाणार कोण?"

मी तंबोरा तिथेच ठेवला. परतताना एसटीतून खालच्या मजल्यावर फोन लावला आणि तिच्या बाबांना विचारलं, येत्या रविवारी मोकळे आहात का. मुलीलाही बरोबर घ्या म्हटलं.