तळहाताखालचा पत्रा

सकाळची वेळ निवडा. इंजिन गार असताना.

समोर एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आपली फियाट.

जवळ जा. दार इतक्यात उघडू नका. किल्ली खिशातच राहू द्या.

तळहात बॉनेटवर ठेवा. पत्रा गार लागतो. रात्रीचं दव अजून सुकलेलं नाही.

श्वास सोडा. हात तसाच राहू द्या.

या गाडीनं स्पितीला जायचं आहे. किन्नौरमार्गे काझा, मग कुंझुमची खिंड, पलीकडे बातल, आणि तिथून चंद्रा नदीच्या काठाकाठानं दगडगोट्यांवरून ग्रांफू. रस्ता लांबचा आहे. तिला विकत घेण्याआधी हातानं ओळखायचं आहे.

एक लोहचुंबक घ्या. मऊ फडक्यात गुंडाळा, रंगावर ओरखडा नको. दाराखालच्या पट्टीला लावा.

तो चिकटतो. बोटांना ओढ कळते.

हळूच पुढे सरकवा. वीतभर. अजून वीतभर. ओढीकडे लक्ष असू द्या.

आणि एका जागी ओढ सुटते. चुंबक घसरतो.

इथे थांबा.

रंग तोच आहे. चकाकीही तीच. पण रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. गंजानं पडलेलं भोक कुणीतरी भरून टाकलं आहे.

त्या जागेवर बोट फिरवा. पुट्टी कुठे सुरू होते, कुठे संपते, ते समजून घ्या. दोन बोटं भरली, तर पत्राकाम करणारा कारागीर नवा तुकडा जोडून देईल. वीतभर भरली, तर खाली वाका. पायपुसणी उचला. तळाचा पत्रा बघा. मागचे कमानपाटे ज्या ठिकाणी बॉडीला टांगलेले असतात, ती जागा बॅटरीच्या उजेडात नीट बघा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचा.

टोक आत गेलं, तर ही गाडी सोडून द्या. कितीही आवडली असली तरी.

फियाटला वेगळी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन उतरवता येतं, बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा नव्या घालता येतात. सडलेल्या सांगाड्याला मात्र खडबडीत रस्ता रोज थोडा थोडा उकलत जातो. म्हणून मी धूर सोडणारी पण पत्र्यानं खणखणीत गाडी घेईन. नव्या रंगात चमकणारी आणि आतून पोकळ गाडी घेणार नाही. समुद्राजवळ वाढलेल्या गाड्यांपाशी तर चुंबक घेऊन जास्त वेळ बसावं.

पुन्हा बॉनेटवर हात ठेवा.

वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. 1964पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डी बाहेर पडू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. मूळचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या गाड्या दशकानुदशकं चालवल्या, रोज खोलल्या, रोज जोडल्या. तिचा कोणता बोल्ट कुठे रुसतो हे आजही अनेक हातांना पाठ आहे. रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरमध्ये थांबली.

ते हात अजून आहेत. त्यांच्याकडे जा. त्यांच्या शेजारी उकिडवे बसा आणि बघा.

आता चोक ओढा. किल्ली फिरवा.

बोलू नका. ऐका.

आधी आवाजांचा एकच गोळा कानावर येतो. येऊ द्या. डोळे मिटा.

हळूहळू तो गोळा सुटतो. एक घरघर पंख्याची. एक धाप सायलेन्सरची. आणि वरच्या बाजूला बारीक, एकसारखी टकटक. ती टॅपेटची.

त्या टकटकीपाशी राहा.

पुष्कळांना ती नकोशी वाटते. ते टॅपेट आवळून घेतात आणि इंजिन गप्प झालं म्हणून खूश होतात. पण फट फार कमी झाली की गरम झाल्यावर झडप पुरती बसत नाही, आणि न बसलेली झडप जळते. हलकी टकटक असू द्या. ती रोज ऐका. गारठ्यात कशी असते, दुपारी कशी, चढावर कशी.

सामानाआधी हे ऐकणं बांधून घ्या. दूर, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी, नेहमीचा आवाज माहीत असलेल्यालाच बदललेला आवाज कळतो.

इंजिन बंद करा. गार होऊ द्या. तुम्हीही बसा.

आता डिक्की उघडा. रिकामी आहे.

तिच्याकडे बघा. ती भरायची घाई करू नका.

छोट्या गाडीची तयारी करताना हात सारखा काहीतरी जोडायला जातो. टपावर कॅरिअर, वर दोन डबे, पुढे दिवे. प्रत्येक वस्तूपाशी क्षणभर थांबा. तिचं ओझं मागच्या कमानपाट्यांना, ड्रम ब्रेकना आणि त्या छोट्या इंजिनला वाहायचं आहे. टपावरचं सामान वळणावर गाडीला कलंडवतं. टप मोकळा ठेवा.

जे आहे ते आधी धड करा. कमानपाट्यांचे बुश. शॉक ॲब्सॉर्बर. ब्रेकची रबरं. पुढच्या सस्पेन्शनच्या प्रत्येक निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. जोडायचंच असेल तर एक गोष्ट जोडा: ऑइलच्या चेंबरखाली जाड पत्र्याचा गार्ड. एका टोकदार दगडानं चेंबर फुटला, तर ऑइल जातं आणि मागून इंजिन जातं. बाकी डिक्कीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, फॅन बेल्ट, होज, ट्यूब, स्टेपनी. एक दोरखंड. जॅकखाली घालायला रुंद फळी, कारण वाळूत जॅक रुततो.

इतकं पुरे. डिक्की लावा.

श्वास घ्या.

आता रस्ता मनात आणा. उत्तरेकडे निघालेला, जूनच्या उन्हातला.

गाडी आचके देते. पेट्रोल आहे, तरी ती मरते.

बाजूला घ्या. बॉनेट उघडा. इंजिनच्या पेट्रोल पंपाजवळ उष्ण हवेची लाट चेहऱ्यावर येते. आत पेट्रोलची वाफ झाली आहे, आणि वाफेला पंप ओढू शकत नाही.

फडकं ओलं करा. पंपावर ठेवा. झाडाच्या सावलीत बसा.

फडक्यातून पाणी ठिबकतं. वारा येतो, जातो. करण्यासारखं दुसरं काही नाही. बसा. थोड्या वेळानं गाडी स्वतःहून सुरू होते.

आता वर चला. हवा पातळ होते.

कुंझुमला तुम्ही साडेचार हजार मीटरच्या वर असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांहूनही कमी. इंजिनचा दम त्याच हिशेबानं उतरतो. पाय दाबला तरी गाडी चालते तशीच चालते.

पाय सैल करा. पहिला गिअर. तिच्या चालीनं जा.

छातीकडे लक्ष द्या. तुमचाही श्वास आखूड झाला आहे.

माथ्यावर गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा. रेडिएटरची टोपी उघडायला जाऊ नका. या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे 85 अंशांनाच उकळतं. टोपीचं छोटंसं रबर आत दाब धरून ठेवतं, म्हणून रेडिएटरमधलं पाणी अजून शांत आहे. निघण्यापूर्वी ते रबर नवं घातलं होतं का, याची आठवण इथे येते. ती आठवण आत्ताच, घरी असताना, येऊ द्या.

इंजिन गार झालं की एक प्लग काढा. तळहातावर ठेवा.

नीट बघा.

खाली, मैदानात, याचं टोक फिकट तपकिरी होतं. आता ते काळं आहे, काजळी धरलेलं. कार्ब्युरेटर खालच्या सवयीनं पेट्रोल देतो आहे, त्याला पुरेल इतकी हवा इथे नाही. लहान जेट बरोबर असेल तर बसवा. नसेल तर काजळी पुसा, प्लग लावा, आणि सावकाश उतरा.

काळा प्लग म्हणजे बिघाड नव्हे. गाडी उंची सांगते आहे.

उताराला लागा. नदीचा आवाज आता उजव्या-डाव्या कानात फिरतो आहे.

पुढे नाला रस्त्यावरून वाहतो.

थांबा. उतरा. पँट दुमडा. पाण्यात पाय घाला.

थंडीनं पाऊल बधिर होतं. तळव्याखाली गोटे हलतात. कोणता गोटा रुतलेला, कोणता सुटा, ते पावलांना विचारा. वाटेत सुटा मोठा दगड लागला तर हातानं बाजूला करा. सकाळी पाणी कमी असतं. दिवस चढला की वरचा बर्फ वितळतो आणि नाला फुगतो. म्हणून इथे सकाळीच यावं. दुपार झाली असेल तर अलीकडेच मुक्काम करावा, हे मी अगदी आग्रहानं सांगतो.

पाणी गुडघ्याच्या बरंच खाली असेल, तरच गाडी घाला. फॅन बेल्ट उतरवून ठेवा, म्हणजे पंखा डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडवणार नाही. पहिला गिअर, एकसारखा पाय. मध्ये थांबू नका. पलीकडे पोचलात की बेल्ट पुन्हा चढवा. ब्रेक ओले आहेत; सावकाश चालत, हलके दाबत ते सुकवा.

मुक्कामाला पोचलात. इंजिन बंद करा. लगेच तंबूकडे जाऊ नका.

पुढच्या डाव्या चाकाशी बसा. आधी हाताची पाठ जवळ न्या, चटका बसायला नको. मग ड्रमवर तळहात.

कोमट.

पुढचं उजवं. कोमट.

मागचं डावं. कोमट.

मागचं उजवं. हात झटकन मागे येतो.

घाबरू नका. इतर तीन चाकांनी तुम्हाला नेमकं सांगितलं आहे: बिघाड याच एका चाकात आहे. ब्रेक चिकटलेला असेल, किंवा बेअरिंग कोरडं पडलं असेल.

जॅक काढा. फळी खाली घाला. पुढच्या चाकांना दगड लावा. चाक अधांतरी आलं की हातानं फिरवा आणि ऐका. खरखर येते की घासल्याचा आवाज?

खरखर नाही. घासतंय. म्हणजे ब्रेक.

अजून उजेड आहे. चाक उतरवा आणि ड्रम खोला.