भाच्याचा वाढदिवस आणि हन्नाचा झगा



मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर आम्हांला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो : 'फादर, भाच्याचा वाढदिवस आलाय, काय देऊ?' भाचीसाठी हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुलीला काय हवे ते आत्या-मावश्यांना आधीच ठाऊक असते. मुलगा मात्र तेरा-चौदाचा झाला की घरात बोलेनासा होतो. विचारले तर 'काहीही चालेल' म्हणतो. मग मामा, काका, आखातातून सुट्टीवर आलेले मावशीचे यजमान खिशात हात घालतात आणि जे मोठे दिसेल ते आणतात.

पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या मेजवान्या फार थोड्या आहेत आणि ज्या ठळक आहेत त्या काही सुखाच्या नाहीत. उत्पत्तीच्या ४० व्या अध्यायात फारोच्या वाढदिवशी त्याच्या रोट्या भाजणाऱ्यांच्या प्रमुखाला फाशी होते. मार्कच्या ६ व्या अध्यायात हेरोदाच्या वाढदिवशी संत योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात येते. त्या हौतात्म्याची आठवण ख्रिस्तसभा २९ ऑगस्टला करते. तेथे भेट द्यायला निघाला होता तो हेरोदच. काय हवे ते माग, अर्धे राज्यसुद्धा देईन, असे तो नाचणाऱ्या मुलीला म्हणाला. तिला काय हवे हे त्याला माहीत नव्हते. तिलाही नव्हते, ती आईला विचारायला बाहेर गेली. हेरोदाची नजर पंगतीला बसलेल्या सरदारांवर होती. पुढे शब्द मागे घेता आला नाही, तोही त्यांच्यामुळेच.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक मामा नवी कोरी मोटारसायकल घेऊन आवारात आले. हँडलला झेंडूचा हार, शेजारी भाचा. त्याचा सोळावा वाढदिवस. बहीण विधवा, मुलाला बापाची उणीव भासू नये म्हणून मामांनी ओव्हरटाइम करून पैसे साठवले होते. त्या मायेत खोट नव्हती. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, मुलाच्या पाठीवर थाप मारली. परवान्याचे विचारायला सुचले नाही, असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे सुचले होते. पण भोवती पंधरा-वीस माणसे फोटो काढत होती, त्या आनंदात विरजण कोण घालणार? हेरोदाच्या पंगतीत त्या दिवशी आम्हीही बसलो होतो.

दोन महिन्यांनी वसईच्या भर पावसात मुलगा वळणावर घसरला. जीव वाचला, ही देवाची कृपा. पायात सळी घालावी लागली, कॉलेजचे एक वर्ष बुडाले. मामा मिस्साला येत, पण मागे दाराशी उभे राहत. एकदा आम्ही त्यांना थांबवले. ते म्हणाले, 'फादर, दवाखान्यात त्याच्या उशाशी पंधरा दिवस बसलो, तेव्हा कळलं की पोरगा चित्रं काढतो. लहानपणापासून काढतो. सगळ्या वह्यांची मागची पानं भरलेली. मी सोळा वर्षांचा मामा, मला माहीत नव्हतं.'

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. पैसे देणे कोणालाही जमते. योग्य माणसाला, योग्य तेवढे, योग्य वेळी आणि योग्य हेतूने देणे मात्र अवघड असते. त्या पायऱ्यांवर तो आम्हांला खऱ्या अर्थाने उमगला. मामांचा हेतू उत्तम होता. माणूस आणि वेळ मात्र चुकली.

आता शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडून पाहा. हन्नाने नवसाचा मुलगा शिलो येथे एली याजकाच्या हाती सोपवला होता. दरवर्षी नवऱ्याबरोबर यज्ञ अर्पण करायला जाताना ती शमुवेलसाठी एक लहानसा झगा शिवून नेई. एवढेच एक वाक्य आहे, पण आम्ही त्यापाशी नेहमी थांबतो. मुलगा वर्षातून एकदा दिसणार. मग माप कसे काढत असेल? गेल्या खेपेला तो आपल्या कोपरापर्यंत आला होता की खांद्यापर्यंत, हे आठवायचे, त्यात एका वर्षाची वाढ मिळवायची आणि कापडाला कात्री लावायची. त्या झग्यात बारा महिन्यांची आठवण शिवलेली असणार. गेल्या वर्षीचा झगा यंदा चालत नाही, हेही तिला माहीत होते.

आपल्या गावातील एक सुतारकाका पुतण्याच्या दर वाढदिवसाला एक हत्यार देतात. एका वर्षी पटाशी, एका वर्षी रंधा, आणि त्यासोबत आपल्या शेजारी बसायला एक पाट. पोराला लाकडाचा नाद आहे हे त्यांनी आधी पाहून ठेवले होते. दुसऱ्या पोराला हेच दिले असते तर हत्यारे गंजली असती.

त्या मामांचा भाचा आता बरा चालतो. त्याच्या सतराव्या वाढदिवशी मामांनी त्याला जाड कागदाची वही आणि पेन्सिली दिल्या. कोणत्या घ्यायच्या ते कळेना, म्हणून दुकानात त्यालाच सोबत नेले. वहीतल्या पहिल्या पानावर मामांचाच चेहरा आहे. आम्हांला तो दाखवला गेला; नाक जरा मोठे झाले आहे, पण मामांची तक्रार नाही.

जाता जाता एक सूचना. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला कायद्याने ५० सीसीपर्यंतचेच वाहन चालवता येते, तेही परवाना असेल तर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. यापुढे आशीर्वादासाठी गाडी आणताना ती चालवणाऱ्याचा परवाना सोबत आणावा. पवित्र पाणी शिंपडण्याआधी आम्ही तो पाहू, भोवती कितीही माणसे उभी असली तरी.

आपले,
प्रमुख धर्मगुरू